आरपार पाहताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा उधना दरवाजाकडून घरी परतत असता स्कूटरवरून घसरून पडला. हातापायांना फारसे लागले नाही. परंतु डावा गाल सुजून आला आणि डोळ्याखाली काळेनिळे झाले. रुग्णालयात चेहऱ्याचा सीटी स्कॅन काढण्यात आला. लेखी अहवाल रात्री मिळणार होता. त्याआधीच एका मोठ्या पाकिटातून फिल्मा आल्या आणि त्यांच्यासोबत एक रंगीत चित्र आले. काळ्या पार्श्वभूमीवर हस्तिदंती रंगाची कवटी, जणू कोणी हातात धरून उजेडात फिरवावी अशी स्पष्ट आणि घडीव. आणि त्या चित्रात दोन्ही डोळ्यांच्या खोबणींच्या तळाशी, आतल्या बाजूस, वेडीवाकडी भोके दिसत होती.

आमच्या भावजयीने ते चित्र पाहिले आणि ती मटकन खाली बसली. "भाऊजी, हाड फुटून भोकं पडली आहेत," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आम्हीही तिला धीर देऊ शकलो नाही, कारण आम्हालाही तेच दिसत होते. डोळ्यांनी दिसत असलेले कसे नाकारावयाचे?

रात्री तज्ज्ञ डॉक्टर आले. तरुण गृहस्थ, मराठी उत्तम बोलणारे. ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. म्हणाले, "काका, ती भोकं खरी नाहीत. तिथलं हाड कागदासारखं पातळ असतं. संगणकाला ते हाड वाटलंच नाही, म्हणून त्यानं ते काढलं नाही. तुमच्या माझ्या चेहऱ्याचं चित्र काढलं तरी तिथं भोकं दिसू शकतात." मग त्यांनी पडद्यावर करड्या रंगाच्या चकत्या एकामागून एक सरकवल्या आणि एका जागी थांबून गालाच्या हाडातील केसाएवढी भेग दाखविली. ती भेग रंगीत चित्रात कोठेच नव्हती. "आम्ही निदान या करड्या चकत्यांवरून करतो. रंगीत चित्र समजावून सांगायला बरं पडतं," ते म्हणाले.

जे नव्हते ते चित्राने दाखविले होते आणि जे होते ते लपविले होते. तथापि त्या चित्रात खोटे असे काहीच नव्हते. यंत्र बिघडलेले नव्हते, कोणी लबाडी केलेली नव्हती. मुलगा दीड महिन्यात बरा झाला. आमच्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला. एखादी वस्तू आरपार दिसू लागली म्हणजे ती खरी दिसू लागली, असे आपण समजतो, ते कितपत योग्य आहे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी असे चित्र तयार कसे होते, ते थोडे समजून घ्यावे लागले. रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला आणि त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची, बोटातील अंगठीसकट, छाया टिपली. ती छाया होती, हे महत्त्वाचे. शरीराच्या जाडीतील सारे काही एका प्रतलावर येऊन एकमेकांत मिसळत असे. निरनिराळ्या बाजूंनी घेतलेल्या अनेक छायांवरून आतील रचना पुन्हा उभी कशी करावी, याचे मूळ गणित योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडून ठेवले होते. १९७१ साली आपल्याकडील जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या शास्त्रज्ञांनी ती पुनर्रचना सुलभ व जलद करणारी पद्धत प्रसिद्ध केली. सीटी स्कॅनच्या शास्त्रात त्या दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'रॅम-लॅक' असे एका गणिती चाळणीचे नावच पडून गेले आहे. त्याच वर्षी, १ ऑक्टोबरला, लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची चकती टिपली. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हाउन्सफील्ड यांच्या त्या पहिल्या चित्रात ८० रांगा आणि ८० स्तंभ एवढीच घरे होती. आज एका चकतीत साधारणतः ५१२ रांगा व ५१२ स्तंभ असतात. अशा ३०० चकत्या एकावर एक रचल्या तर ७ कोटी ८६ लाखांहून अधिक घरे होतात. चित्रातील सपाट ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, तसे या घनाकार घराला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक घरात एकच संख्या असते. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, चरबीला उणे शंभराच्या आसपास, आणि हाडाला काही शेकड्यांपासून हजाराच्याही पुढे. त्या अवाढव्य कोठारात रंग नसतो, आकार नसतो, हाड किंवा मांस असे शब्दही नसतात. असतात त्या केवळ संख्या.

आता खरी अडचण पुढे येते. या साऱ्या संख्या एकदम दाखवावयाच्या म्हटल्या तर काय दिसेल? काहीच नाही. सगळ्या बाजूंनी बंद असलेला ठोकळा दिसेल, आणि त्याच्या बाहेरच्या घरांनी आतली घरे झाकून टाकलेली असतील. आमच्या उधन्याच्या लूमवर विणलेल्या कापडाच्या ताग्याचे तसे नाही. तो उलगडला की जेवढा आहे तेवढा दिसतो. परंतु ज्याला अंतरंग आहे अशी वस्तू पाहावयाची, तर तिच्यातले काहीतरी नाहीसे करावेच लागते. हाड पाहण्यासाठी त्वचा आणि मांस नाहीसे करावयाचे, रक्तवाहिन्या पाहण्यासाठी कधी हाडही बाजूस सारावयाचे. पाहण्याची अटच मुळी वगळणे ही आहे.

हे वगळावयाचे कसे, याचा संगणकशास्त्रातील इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९८७ साली लॉरेन्सन आणि क्लाइन या दोघांनी एक पद्धत मांडली. एक सीमासंख्या ठरवावी. त्या संख्येच्या वर ते आत आणि खाली ते बाहेर, असे समजून दोहोंच्या मधून एक पृष्ठभाग ओढावा. पद्धत इतकी सोयीची होती की ती सर्वत्र रुजली. परंतु सीमारेषा म्हटली की तिच्यावर उभे असलेल्यांचे काय, हा प्रश्न आलाच. ज्या एका घरात अर्धे हाड आणि अर्धी हवा आहे, त्याची संख्या सरासरीने मधलीच येणार. ती सीमेखाली गेली की ते हाड नाहीसे झाले. आमच्या पुतण्याच्या डोळ्याखालची भोके पडली ती अशी.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, मार्क लेव्हॉय यांनी आणि त्यांच्याप्रमाणेच ड्रेबिन, कारपेंटर व हॅनरहान या त्रयीने वेगळी वाट दाखविली. प्रत्येक घराला 'आहेस की नाहीस' असे विचारूच नये. 'किती आहेस' असे विचारावे. कोणाला पूर्ण अपारदर्शक, कोणाला अर्धवट, कोणाला धुक्याइतके विरळ असे करून सगळ्यांतून प्रकाश जाऊ द्यावा. त्यामुळे जे पातळ आहे, अस्पष्ट आहे, ते एकदम पुसले जात नाही. फिकट का होईना, राहते. या पद्धतीला व्हॉल्यूम रेंडरिंग म्हणतात. यातील न्यायबुद्धी आम्हाला फार भावली. तथापि कोणत्या संख्येला किती पारदर्शक करावयाचे, हे ठरविणारे कोष्टक येथेही लागतेच. ते कोष्टक त्या कोट्यवधी संख्यांत नसते. ते बाहेरून येते, ठरविणाऱ्याकडून येते. मापनात आणि चित्रात हेच अंतर आहे. मापन यंत्राचे असते, चित्रात मात्र कोणाचा तरी निर्णय मिसळलेला असतो.

सुरतेच्या वाचकांना याचे उदाहरण शोधावयास लांब जाणे नको. आमच्या शेजारच्या कुटुंबातील मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात प्लॅनिंगचे काम करतो. त्याचे आजोबा खानदेशातून येथे आले ते सुताच्या धंद्यात. वडिलांनी हिऱ्याच्या घंटीवर उमेदवारी केली. हा संगणकासमोर बसतो. जगातील बहुतांश हिरे या शहरात पैलू पाडून घेतात, हे आपण अभिमानाने सांगतो; परंतु घंटीवर जाण्यापूर्वी प्रत्येक रफ हिऱ्याचे भवितव्य ठरते ते अशा मुलांच्या पडद्यावर.

त्याने आम्हाला एक गोष्ट समजावून सांगितली, ती विलक्षण वाटली. हिऱ्याइतके पारदर्शक काही नाही असे आपण मानतो. पण हिऱ्याच्या आत पाहणे हेच सर्वांत कठीण. त्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, प्रकाश त्यात शिरताना इतका वाकतो आणि आतल्या पृष्ठभागांवर इतका उलटसुलट परावर्तित होतो, की आतला एकच डाग चार ठिकाणी दिसावा आणि जेथे आहे तेथे मुळीच दिसू नये. पूर्वीचे जाणकार भिंगातून तासन् तास निरखीत, रफवर एखादे लहानसे सपाट तोंड घासून त्यातून आत डोकावत आणि मग शाईने रेघ ओढीत. आता हिऱ्याच्याच अपवर्तनांकाच्या जवळ जाणाऱ्या द्रव्यात तो बुडवितात, म्हणजे त्याचा पृष्ठभाग प्रकाशापुरता नाहीसाच होतो. मग यंत्र त्याला सर्व बाजूंनी टिपते आणि आतील प्रत्येक डागाचा, भेगेचा घनाकार नकाशा तयार होतो. निसर्गाने दिलेली पारदर्शकता फसवी ठरते आणि माणसाने घडविलेली उपयोगी पडते, हा विरोधाभास आम्हाला विचारप्रवर्तक वाटला.

पण नकाशा झाला म्हणजे निर्णय झाला असे नाही. पैलू पडेपर्यंत रफच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग बहुधा जातो. एका आराखड्यात दगड मोठा निघतो, पण कडेला एक ठिपका राहतो. दुसऱ्यात तो निर्मळ निघतो, पण लहान होतो. कोणते ठिपके मोजावयाचे आणि कोणते सूक्ष्म म्हणून सोडून द्यावयाचे, हेही ठरवावे लागते. आम्ही विचारले, "मग तुझे यंत्र काय ठरवते?" तो म्हणाला, "काका, यंत्र दहा प्लॅन दाखवतं. एक माझा असतो. हिरा कापल्यावर चूक निघाली, तर शेठ यंत्राला नाही विचारत, मला विचारतात."

या उत्तरापाशी आम्ही थबकलो. कारण आमचे सारे आयुष्य ज्या खात्यात गेले, तेथेही पारदर्शकता हा शब्द आमच्या कानांवरून हजारदा गेला होता. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. कायदा चांगला आहे, हे आम्ही नोकरीत असतानाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. झाकून ठेवण्याची सवय लागलेल्या कचेऱ्यांना त्याने खिडक्या पाडल्या. परंतु त्याच्याही आधीची एक गोष्ट आम्हाला येथे सांगितली पाहिजे. ती आजवर आम्ही घरीही नीट सांगितलेली नाही.

२००६ च्या ऑगस्टमधील तापीचा पूर आपणा सर्वांना आठवतो. आम्ही सांगतो ती गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आणि दुसऱ्या एका नदीकाठची आहे. आम्ही त्या वेळी नायब मामलतदार होतो. पाणी ओसरल्यावर घरोघरचे पंचरोजकाम करावयाचे होते. गावे पुष्कळ, तलाटी थोडे आणि मुदत चार दिवसांची. कोणते घर मदतीस पात्र धरावे, यासाठी एक मोजमाप हवे होते. आम्हीच टिपणी लिहिली : घराच्या भिंतीवर पाण्याची खूण जमिनीपासून तीन फूट वा त्याहून वर असेल ते घर पात्र. वरिष्ठांनी ती मान्य केली. मोजणी पक्षपात न करता झाली. यादी चावडीवर लावली. कोणीही यावे आणि पाहावे. एका पैशाचाही गैरव्यवहार झाला नाही. आमच्या कामाची प्रशंसा झाली आणि ती आम्ही संकोच न करता स्वीकारली.

यादी लागल्यावर एक वृद्ध बाई आली. तिच्या भिंतीवरची खूण अडीच फुटांवर होती. परंतु तिची धान्याची कोठी जमिनीलगत होती आणि वर्षाचे धान्य कुजून गेले होते. ती गुजरातीत जे म्हणाली, ते आपल्या भाषेत असे होईल : "साहेब, पाणी तुम्ही भिंतीला मोजलं. कोठीला कोण मोजणार?" आम्ही तिला नियम समजावून सांगितला. नियम तोच होता, जो सर्वांना लागू होता. ती काही वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

आमच्या तक्त्यात ती बाई नव्हती. जणू तिचे घर त्या गावात नव्हतेच. तीन फूट ही आमची सीमासंख्या होती. तिच्याखाली जे जे होते ते सारे आम्ही पारदर्शक करून टाकले होते, आणि त्यांच्यातून आरपार पाहून आम्ही कागदावर एक स्वच्छ चित्र काढले होते. काहीही लपविलेले नव्हते, आणि तरीही ती दिसत नव्हती. त्या वर्षांत आम्हाला हे शब्द सुचले नसते. पुतण्याच्या डोळ्याखालची ती भोके पाहिली तेव्हा ते सुचले.

अनेकान्तवादाचा आपल्या या गुजरातेत मोठा अभ्यास झाला आहे, आणि हत्ती व आंधळे यांची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु आमच्या प्रश्नाला ती गोष्ट पुरत नाही. तेथे प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव आला होता, म्हणून मतभेद झाले. येथे अख्खा हत्ती, त्याच्या हाडांमांसाच्या संख्यांसह, प्रत्येकाच्या हाती आहे. तरीही प्रत्येकाला वेगळा हत्ती दिसेल, कारण प्रत्येक जण वेगळे काहीतरी वगळून पाहतो आहे. अधिक माहिती मिळाली की वाद मिटतील, ही आपल्या काळाची श्रद्धा आहे. माहिती पूर्ण असूनही निवड उरतेच, आणि जेथे निवड आहे तेथे जबाबदारी आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग काय वगळले याचीच यादी करीत बसलो तर डॉक्टर शस्त्रक्रिया कधी करणार आणि कचेरीतली फाईल हलणार कधी? आक्षेप रास्त आहे. सीमारेषा आखल्यावाचून कोणतेही काम होत नाही. त्या चार दिवसांत आम्हालाही ती आखावीच लागली असती. आमचा अपराध रेषा आखण्याचा नाही. ती रेषा आमच्या हाताची आहे, ती जमिनीवर कोठे आखलेली नव्हती, हे आम्ही विसरलो; आणि रेषेला अगदी लागून खाली किती घरे आहेत, हे तक्त्याच्या तळाशी लिहावयाचे राहिले. दोन आणि तीन फुटांच्या मधली घरे इतकी, असे एक वाक्य पुरे होते. वरिष्ठांनी ते वाचले असते, कदाचित नसतेही; परंतु ती बाई निदान कागदावर फिकट का होईना, राहिली असती.

आता हे ठरविण्याचे कामही अधिकाधिक प्रमाणात संगणकच करू लागला आहे. कोणते हाड, कोणता डाग, कोणते घर पात्र, हे तो आपले आपण रंगवून देतो, आणि 'संगणकात असे आले' हे वाक्य आम्ही निवृत्तीपूर्वीच कचेरीत ऐकू लागलो होतो. ते वाक्य बोलण्यास सोपे आहे, कारण त्याखाली कोणाची सही नसते. शेजारच्या त्या मुलाला जे ठाऊक आहे, ते आपण मोठ्या पदांवरची माणसे विसरतो. दहा आराखड्यांतला एक आपला असतो. निवडणाऱ्याने तो आपला म्हणावा, एवढीच अपेक्षा आहे.

पुतण्याचे ते रंगीत चित्र आमच्या टेबलाच्या खणात आहे. भावजयीला ते घरात नको होते, फाडवतही नव्हते. परवा खण आवरताना ते पुन्हा हाती आले. सुंदर आहे, हे कबूल केले पाहिजे. आम्ही ते उलटे केले आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिले : 'डोळ्यांखालची भोके खरी नाहीत. गालाच्या हाडातील भेग यात दिसत नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली.